छळ सोसणाऱ्या बांधवांची आठवण मंडळीत वर्षभर कशी ठेवायची?

प्रश्न असा आहे: मंडळीत दर नोव्हेंबरला एका रविवारी छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठी प्रार्थना होते. एखादी चित्रफीत दाखवतात, काहींचे डोळे पाणावतात आणि पुढच्या रविवारपासून तो विषय वर्षभर निघत नाही. काही वेगळं, कल्पक करता येईल का?

करता येईल, मात्र सुरुवात नव्या कल्पनेपासून करू नका. आधी उपासनेच्या क्रमात या आठवणीला कायमची जागा द्या. वर्षातून एकदा दीड तासाचा कार्यक्रम करण्यापेक्षा रविवारच्या उपासनेत नेमाने चार मिनिटं देणं जास्त टिकतं. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात मंडळी पेत्रासाठी प्रार्थना करते तेव्हाचा तपशील नेमका दिलाय: माणूस कोण, तुरुंग कुठला, पहाऱ्यावर किती शिपाई (चारचारांच्या चार टोळ्या) आणि त्याला लोकांसमोर केव्हा आणणार. आपली प्रार्थना बहुतेकदा ‘जगभरातल्या सर्व पीडितांना सांभाळ’ इथेच संपते. ती चुकीची नाही, पण घरी जाताना कुणाच्या मनात काही उरत नाही. इब्री लोकांस पत्र १३:३ मध्ये बंदिवानांबरोबर आपणही बंदिवान आहोत असं समजून आठवण करायला सांगितलंय, आणि तेवढं जवळ जायचं तर नाव, गाव, दिवस लागतो.

चार मिनिटं अशी वाटून घ्या: एक मिनिट माहिती, दोन मिनिटं प्रार्थना, एक मिनिट शांतता. माहिती लिहूनच आणायची, जास्तीत जास्त शंभर शब्द. सावकाश वाचलं की शंभर शब्दांना मिनिटभर लागतं. न लिहिता बोलणारा माणूस कितीही चांगला असला तरी आठ मिनिटं घेतो, मग पाळक प्रार्थना आवरती घेतात आणि तिसऱ्या महिन्यात हा भाग क्रमातून गळतो. हे सगळीकडे असंच होतं. शांततेचं मिनिट घड्याळ लावूनच मोजा, कारण पुढे उभ्या असलेल्या माणसाला पंधरा सेकंदच मिनिटासारखे वाटतात. शिवाय वाद्यवाल्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर शांतता दिसली की कीबोर्डवर हलके सूर सुरू होतात.

काम दोन-तीन माणसांकडे द्या. एकाने माहिती जमवायची, दुसऱ्याने ती तपासून शंभर शब्दांत बसवायची, तिसऱ्याने प्रार्थना चालवायची. सगळं एकाकडे दिलं तर तो आजारी पडला किंवा बदली होऊन गेला की सगळंच थांबतं.

माहिती कुठून आणि किती

ओपन डोअर्स ही संस्था दर जानेवारीत, ख्रिस्ती म्हणून जगणं सर्वांत कठीण असलेल्या पन्नास देशांची यादी प्रसिद्ध करते. त्याच्या लगेच आधीच्या ३० सप्टेंबरला संपलेलं एक वर्ष (१ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर) तिच्यात मोजलेलं असतं. एड टू द चर्च इन नीड ही कॅथोलिक संस्था धर्मस्वातंत्र्यावर अहवाल काढते, आणि तो केवळ ख्रिस्ती लोकांपुरता नसतो. अशा दोन ठिकाणी जुळेल तेवढंच उपासनेत वाचा. एकूण किती लोक छळ सोसतात हा आकडा मात्र व्यासपीठावरून फेकू नका. संस्थागणिक ‘छळ’ मोजण्याची पद्धत वेगळी, त्यामुळे आकडेही वेगळे. आणि कोट्यवधींचा आकडा ऐकून कुणी अधिक प्रार्थना करतं असं दिसत नाही.

ओपन डोअर्सच्या यादीची खरी उपयुक्त गोष्ट क्रमांक नाही, गुणांची रचना आहे. शंभरपैकी गुण सहा भागांत वाटलेले असतात: खासगी जीवन, कुटुंब, समाज, राष्ट्र, मंडळीचं जीवन आणि प्रत्यक्ष हिंसा. प्रत्येकाला साधारण सारखंच वजन. म्हणजे पाच भाग दबावाचे आणि एकच मारहाणीचा. आपल्या प्रार्थनेत उलट होतं, बॉम्बस्फोट झाला तरच आठवण. मालदीवमध्ये संविधानानुसार मुसलमान नसलेल्या व्यक्तीला नागरिकत्व मिळू शकत नाही. तिथून हत्याकांडाच्या बातम्या येत नाहीत, पण ख्रिस्तावर विश्वास ठेवणारा तिथला माणूस घरातसुद्धा मोठ्याने प्रार्थना करू शकत नाही. म्हणून सहा आठवड्यांचं चक्र लावा. पहिल्या रविवारी खासगी जीवन: ज्याला पवित्र शास्त्र घरात ठेवता येत नाही तो. दुसऱ्या रविवारी कुटुंब: बाप्तिस्मा घेतला म्हणून वारसा, मुलांचा ताबा किंवा लग्नच गमावलेले. तिसऱ्याला समाज: पाणी, रोजगार, शाळेतला प्रवेश. चौथ्याला कायदे, न्यायालयं, ओळखपत्रं. पाचव्याला मंडळ्या: नोंदणी, इमारत, पाळकांचं प्रशिक्षण, हेरगिरी. सहाव्याला हिंसा. प्रत्येक वेळी एकाच देशाचं उदाहरण. सहा आठवडे संपले की दोन आठवडे विश्रांती, मग नव्या देशांसह पुन्हा. ही विश्रांती गाळू नका, अखंड चालणारी गोष्ट लोकांच्या कानावरून जाऊ लागते.

मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांबद्दल कडक नियम हवा. २००७ साली अफगाणिस्तानात तालिबानने २३ दक्षिण कोरियन ख्रिस्ती लोकांना ओलीस धरलं, दोघांना मारलं, बाकीचे त्याच वर्षी सुटले. त्यानंतर कितीतरी वर्षं ‘अफगाणिस्तानात २२ मिशनऱ्यांना उद्या मृत्युदंड, ताबडतोब सर्वांना पाठवा’ असा संदेश जगभर फिरत राहिला. असे संदेश ओळखू येतात: तारीख नसते, ‘उद्या’ किंवा ‘आज रात्री’ असतं, गावाचं नाव नसतं किंवा मोघम असतं, आणि पुढे पाठवण्याचा आग्रह असतो. असा संदेश व्यासपीठावरून एकदा वाचला गेला आणि नंतर खोटा निघाला, तर पुढच्या खऱ्या बातमीलाही लोक मान हलवून सोडून देतात.

काय मागायचं

सुटका मागायची की धैर्य? दोन्ही. प्रेषितांची कृत्ये ४ मध्ये मंडळी धमक्या थांबव असं म्हणत नाही, धमक्यांकडे पाहा आणि आम्हांला वचन धैर्याने बोलू दे असं म्हणते. पौल बंधनात असताना इफिसकरांकडे बोलण्याचं धैर्य मागतो, कलस्सैकरांकडे वचनासाठी दार उघडण्याची प्रार्थना मागतो. पण फिलेमोनाला तोच सांगतो की माझ्यासाठी राहण्याची सोय करून ठेव, तुमच्या प्रार्थनांमुळे मी तुमच्याकडे परत येईन अशी आशा आहे. तीमथ्याला लिहिताना तर झगा, पुस्तकं आणि चर्मपत्रं मागतो आणि हिवाळ्यापूर्वी ये म्हणतो. थंडी, वाचायला काही नसणं, भेटायला कुणी नसणं हेही प्रार्थनेचे विषय आहेत, आणि ते आपल्याकडून सर्रास राहून जातात. म्हणून प्रार्थना चालवणाऱ्याने आपल्या कागदावर तीन ओळी आधीच लिहून ठेवाव्यात: देहासाठी एक मागणं, विश्वासासाठी एक, सुटकेसाठी एक.

छळ करणाऱ्यांसाठीची प्रार्थना ‘शत्रूंना क्षमा कर’ एवढ्यावर संपवू नका. कुणाकुणाचा हात त्यात असतो ते पाहा: चौकशी करणारा अधिकारी, न्यायाधीश, तुरुंगातला पहारेकरी, खबर देणारा शेजारी, घरातून हाकलणारा बाप. एका रविवारी एकच घ्या. लिबियाच्या किनाऱ्यावर २०१५ मध्ये इस्लामिक स्टेट या अतिरेकी संघटनेने मारलेल्या २१ ख्रिस्ती पुरुषांपैकी दोघांच्या भावाने दूरचित्रवाणीवर मारेकऱ्यांचे डोळे उघडावेत म्हणून प्रार्थना केली होती. ती प्रार्थना करण्याचा अधिकार त्याचा होता. सुरक्षित ठिकाणी बसून आपण तीच करतो तेव्हा न्यायाची मागणीही सोबत असली पाहिजे, नाहीतर पीडितांच्या वतीने क्षमा वाटल्यासारखं होतं.

विलापाची स्तोत्रं मराठी उपासनेत फार कमी वाचली जातात, आणि इथे त्यांचाच उपयोग आहे. ४४वं स्तोत्र घ्या. त्यात चार टप्पे स्पष्ट आहेत. १ ते ८ ओव्या देवाच्या जुन्या कृत्यांच्या आहेत, त्या डाव्या बाजूच्या बाकांनी वाचाव्यात. ९ ते १६ पराभवाच्या, त्या उजव्या बाजूने. १७ ते २२ मध्ये ‘आम्ही तुला विसरलो नाही’ हे गाऱ्हाणं आहे, ते एकाच आवाजात, शक्यतो तरुण आवाजात. मग तीस सेकंद थांबून २३ ते २६ सगळ्यांनी उभं राहून. हेच बावीसावं वचन पौलाने रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात घेतलंय, म्हणून लगेच रोम ८:३५-३९ वाचलं की जोड बसते. सगळं मिळून सहा-सात मिनिटं होतात. पहिल्यांदा करताना आदल्या आठवड्यात सूचना द्या आणि दोन्ही बाजूंना आवाज देणारा एकेक माणूस बसवा, नाहीतर डावी बाजू पुटपुटते आणि उजवी सुरूच करत नाही.

डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी

काटेरी तारेत अडकलेली मेणबत्ती पुष्कळ मंडळ्या ठेवतात. ती नीट केली तर वर्षभर टिकते. जाड, सात-आठ सेंटिमीटर व्यासाची मेणबत्ती घेऊ नका. दर आठवड्याला पाचच मिनिटं पेटवली तर फक्त मधलं मेण वितळतं, भोवतीची भिंत तशीच राहते आणि काही आठवड्यांत वात वितळलेल्या मेणात बुडते. अडीच सेंटिमीटर व्यासाची, पंचवीस सेंटिमीटर उंचीची सडपातळ मेणबत्ती घ्या. दोन मिलिमीटर जाडीची, जस्ताचा मुलामा दिलेली साधी तार सव्वा मीटर घेऊन आठ सेंटिमीटर व्यासाची पाच वेटोळी करा, आणि सहा सेंटिमीटरचे दहा-बारा तुकडे पिळून काटे बनवा. खरी काटेरी तार लहान मुलांच्या हाताला लागते, आणि प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार वितळून वास मारते. वेटोळी मेणबत्तीच्या खालच्या अर्ध्यातच ठेवा, म्हणजे मेणबत्ती उतरली तरी ज्योत तारेला लागत नाही. बुडाशी वाळू भरलेली धातूची थाळी. मध्यस्थीच्या प्रार्थनेला पेटवायची, प्रार्थना संपली की विझवायची. उपासनाभर पेटती ठेवली तर ती सजावट होते.

रिकामी खुर्ची हा दुसरा साधा मार्ग. व्यासपीठावर नको, दुसऱ्या रांगेत, माणसांमध्ये. तिच्यावर एक कार्ड: देश, परिस्थिती, एक वचन. स्वागताला उभ्या असलेल्या भावांना आधी सांगा, नाहीतर उशिरा आलेला पाहुणा नेमका तिथेच बसवला जातो किंवा तिच्यावर पिशव्या ठेवल्या जातात. सहा आठवड्यांनी ती काढून टाका आणि दोन महिन्यांनी परत आणा. सतत ठेवलेली खुर्ची दिसेनाशी होते.

लाल प्रकाशाची प्रथा एड टू द चर्च इन नीड या संस्थेमुळे पसरली. २०१६ मध्ये रोममधलं ट्रेवी कारंजं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटनमधली काही चर्चं एका बुधवारी लाल दिव्यांनी उजळली, २०१८ मध्ये कलोसियम. आपल्या इमारतीला हे करायचं असेल तर लाल एलईडी झोताचे दिवे वापरा. साध्या तापणाऱ्या बल्बला रंगीत कागद गुंडाळणं म्हणजे आगीला बोलावणं. आणि दारावर दोन ओळींचा फलक हवाच, नाहीतर रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं लग्न आहे.

सगळ्यांत परिणामकारक गोष्ट खर्चाला जवळजवळ शून्य आहे. एरिट्रियात २००२ सालापासून सरकारने ऑर्थोडॉक्स, कॅथोलिक, लुथेरन आणि सुन्नी इस्लाम एवढ्यांनाच मान्यता ठेवली. बाकीच्या मंडळ्यांच्या कितीतरी लोकांना मालवाहतुकीच्या पोलादी कंटेनरमध्ये डांबलं गेलं. गायिका हेलन बेरहाने हिने तुरुंगवासाचा बराच काळ अशाच कंटेनरमध्ये काढला. वीस फुटी कंटेनरची आतली जागा साधारण ५.९ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच असते. सभागृहाच्या फरशीवर चिकटपट्टीने तेवढा आयत आखा. वीस जणांना आत उभं करून दहा मिनिटं प्रार्थना करा. दुपारी तिथे लोखंड किती तापतं आणि वाळवंटातल्या रात्री किती गार होतं, एवढंच एका वाक्यात सांगा. बस. डोळे बांधणं, दार बंद करणं, अंधार, खोटे बंदूकधारी यांपैकी काहीही करू नका. नकली छाप्याचे कार्यक्रम काही ठिकाणी तरुणांसाठी होतात. त्यात मुलं घाबरतात, दम्याचा किंवा भीतीचा झटका येऊ शकतो, आणि उपस्थितांत कुणी खरोखर अशा प्रसंगातून आलेलं असेल तर त्याला तुम्ही परत तिथेच नेऊन सोडता.

आवाज न काढता गाणं हेही करून बघा. उत्तर कोरियासारख्या ठिकाणी गुप्तपणे जमणारे विश्वासणारे शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून कुजबुजत गातात. सर्वांना पाठ असलेल्या गीताचं एकच कडवं, वाद्यांशिवाय, फक्त ओठ हलवून. दुसरं कडवं नेहमीच्या आवाजात. दोन्हींच्या मध्ये काही समजावून सांगू नका.

याच्या जोडीला तीन महिन्यांतून एकदा पुस्तकं, मोबाइल आणि पडदा बाजूला ठेवून उपासना करा. महिनाभर आधी जाहीर करून दहा जणांना एकेक उतारा पाठ करायला द्या. २३व्या स्तोत्राच्या सहा ओव्या सोप्या, फिलिप्पै २:५-११ मध्यम, रोम ८ चा शेवट कठीण. कुणी अडखळला तर इतरांनी आठवून पूर्ण करायचं, पुस्तक उघडायचं नाही. पवित्र शास्त्र जप्त झालं तर मंडळीकडे पाठ किती उरेल, हे त्या तासात समजतं.

दिनदर्शिका आणि साखळी

वर्षाला पाच-सहा तारखांपेक्षा जास्त घेऊ नका. १५ फेब्रुवारी: २०१५ साली लिबियात मारलेल्या २१ जणांची चित्रफीत त्या दिवशी प्रसिद्ध झाली. वीस जण इजिप्तचे कॉप्टिक (तिथल्या प्राचीन ख्रिस्ती मंडळीचे), एक घानाचा मॅथ्यू आयारिगा. एकवीस नावं सावकाश वाचायला दोन मिनिटंही लागत नाहीत. ती नावं वाचा, ती चित्रफीत कधीही दाखवू नका, ती मारेकऱ्यांनी प्रचारासाठी बनवलेली आहे. १४ एप्रिल: २०१४ मध्ये नायजेरियातल्या चिबोकच्या शाळेतून २७६ मुली पळवल्या, त्यात बहुसंख्य ख्रिस्ती. २२ ऑगस्ट: धर्म किंवा श्रद्धेमुळे हिंसेला बळी पडलेल्यांचा संयुक्त राष्ट्रांचा दिवस, २०१९ पासून. या दिवशी यझिदी, रोहिंग्या, अहमदिया, बहाई अशा छळ सोसणाऱ्या इतर समुदायांचीही आठवण करायला हरकत नाही, किंबहुना करावीच. नोव्हेंबरचा पहिला किंवा दुसरा रविवार: १९९६ पासूनचा आंतरराष्ट्रीय प्रार्थना दिन. २६ डिसेंबर: पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याचा दिवस, जो नाताळच्या गडबडीत हमखास हरवतो.

प्रार्थनेच्या साखळीचा जुना दाखला जर्मनीतल्या हेर्नहूट गावच्या मोरावियन या प्रोटेस्टंट मंडळीचा. ऑगस्ट १७२७ मध्ये २४ पुरुष आणि २४ स्त्रियांनी दिवसाचा एकेक तास वाटून घेतला आणि तो क्रम शंभराहून अधिक वर्षं चालला. आपण चोवीस तासांच्या मागे लागू नये. प्रौढ सभासद पन्नासच्या आसपास असतील तर रात्रीचे बारा तास पुरेत: अर्ध्या तासाच्या २४ पाळ्या, प्रत्येक पाळीत दोघं. दोघं यासाठी की एकाला झोप लागली तरी पाळी पडत नाही. प्रत्येक पाळीला एक पाकीट: एक देश, तीन मागणी, एक स्तोत्र. साखळी तुटते ती बहुधा पहाटे दोन ते चारच्या दरम्यान. त्या पाळ्या आधी भरा, नंतर नाही. आणि पाळी संपवणाऱ्याने पुढच्याला फोन करून उठवायचं. नुसत्या तक्त्यावर भिस्त ठेवली तर तक्ता पूर्ण भरलेला दिसतो आणि रात्री कुणी जागं नसतं.

कुणाला आठवड्याची छोटी सवय हवी असेल तर शुक्रवार धरा. अरबी द्वीपकल्पातल्या अनेक देशांत सुट्टी शुक्रवारी असल्यामुळे तिथल्या मंडळ्या शुक्रवारीच जमतात. तुमची प्रार्थना आणि त्यांची उपासना एकाच दिवशी होते.

पत्रं, मुलं आणि सुरक्षितता

बंदिवानांना पत्रं पाठवणं ही चांगली गोष्ट आहे, पण ती नेहमी अशा संस्थेमार्फतच करा जिला त्या व्यक्तीकडून किंवा कुटुंबाकडून पत्रं चालतील असं कळलेलं आहे. काही बंदिवानांना पत्रांमुळे बरी वागणूक मिळते, काहींना उलट त्रास वाढतो, आणि कुणाच्या बाबतीत काय होईल हे दूरून कळत नाही. बंद पाकिटापेक्षा चित्राचं कार्ड बरं, उघडून तपासायची गरजच नाही. चार-पाच सोपी वाक्यं, एक वचन, फक्त पहिलं नाव. सरकारवर टीका नाही, खटल्याचा उल्लेख नाही, कुठल्या संस्थेचं नाव नाही, पैसे नाहीत, घरचा पत्ता नाही. ‘तुमच्यासाठी आम्ही रडतो’ यापेक्षा मुलाने काढलेलं झाड किंवा पक्षी जास्त उपयोगी. उत्तराची अपेक्षा ठेवू नका, आणि मुलांनाही ते आधीच सांगा.

संडे स्कूलमध्ये वयाप्रमाणे बोला. सात वर्षांखालच्या मुलांना ‘काही ठिकाणी लोकांना एकत्र जमून देवाचं गाणं म्हणता येत नाही’ एवढंच. आठ ते बारा वयाला नकाशा, पाठांतर, कार्डं. तेरापुढच्यांसमोर १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं अठरावं कलम ठेवा, त्यात धर्म बदलण्याचंही स्वातंत्र्य आहे, आणि त्यावर मोकळी चर्चा होऊ द्या. रक्ताची चित्रं कुठल्याच वयाला नकोत.

थेट प्रक्षेपण होत असेल तर नावं घेताना ध्वनी बंद करा. धर्मांतर केलेल्या व्यक्तीचं नाव, गाव, जमण्याचं ठिकाण, मुलांचे फोटो यांपैकी काहीही समाजमाध्यमावर टाकू नका, ती व्यक्ती देशाबाहेर असली तरीही, कारण कुटुंब मागेच असतं. तुमच्याच मंडळीत छळामुळे देश सोडून आलेलं कुणी असेल तर त्यांना साक्ष द्यायला उभं करू नका. त्यांनी स्वतः होऊन सांगितलं तर ऐका, एकदाच पुरे. पैसे गोळा करायचे असतील तर हिशेब तपासून जाहीर करणाऱ्या संस्थेलाच द्या, अनोळखी माणसाच्या फोनवरून आलेल्या विनंतीला नाही.

बोलताना कुणाच्या धर्माविरुद्ध सूर लागू देऊ नका. ख्रिस्ती बहुसंख्य असलेल्या देशांतही सरकार चर्चमागे लागतं. निकाराग्वात बिशप रोलांदो आल्वारेस यांना फेब्रुवारी २०२३ मध्ये २६ वर्षांची शिक्षा झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांना देशाबाहेर रोमला पाठवण्यात आलं. प्रार्थनेच्या नावाखाली शेजाऱ्याबद्दल राग पेरला गेला, तर तो रविवार वाया गेला.

आता वही. हिच्यावाचून वरचं काही टिकत नाही, आणि नेमकी हीच बहुतेक मंडळ्या ठेवत नाहीत. पाच रकाने: तारीख, व्यक्ती किंवा ठिकाण, नेमकं मागणं, पुन्हा तपासायची तारीख (नव्वद दिवसांनी), काय झालं. पाकिस्तानात आसिया बीबी या ख्रिस्ती स्त्रीला ईशनिंदेच्या आरोपावरून २००९ मध्ये अटक झाली, २०१० मध्ये फाशीची शिक्षा, ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं, २०१९ मध्ये त्या कॅनडाला गेल्या. ज्यांनी २०१० मध्ये एकदाच प्रार्थना केली आणि नोंद ठेवली नाही, त्यांच्या मंडळीत २०१८ मध्ये उपकारस्तुती करायला कुणाला आठवलंच नसेल. उलट बाजूही आहे. नायजेरियातल्या दापची गावातून १९ फेब्रुवारी २०१८ रोजी पळवलेल्या बहुतेक मुली महिन्याभरात परतल्या, पण ख्रिस्त नाकारायला तयार न झालेल्या लिया शरिबू हिला मागे ठेवलं. अशा नावांपुढचा शेवटचा रकाना वर्षानुवर्षं कोरा राहतो. तो कोराच ठेवा, अंदाजाने भरू नका. दर नव्वद दिवसांनी नाव पुन्हा वाचा आणि नवी तारीख टाका. वही सांभाळणारा माणूस बदलला तर नव्या माणसाला पहिल्याच रविवारी कोऱ्या रकान्यांची नावं मंडळीसमोर वाचायला लावा, म्हणजे त्याच्या हातात काय आलंय हे त्याला आणि मंडळीला दोघांनाही कळेल.